बसलेल्या मुलाच्या मापाचा पायजमा

प्रश्न : मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. घरात शिलाई मशीन पडून होतं, ते तेलपाणी करून चालू केलं आणि मुलांचे रात्रीचे पायजमे शिवायला घेतले. सरळ टीप मारता येते, बाकी सगळं बघून बघून शिकतोय. मुलीचा पहिला पायजमा दिसायला छान झाला, पण ती खाली बसली की मागून उतरतो. दोनदा घातल्यावर आसनात, म्हणजे दोन पायांच्या मधल्या शिवणीत, उसवला. कमरेवर इलॅस्टिकचा लाल वळ उठतो. वर ती म्हणते, "टोचतो." मुलासाठी कापलेले दोन्ही पाय डावे निघाले, ते तसेच पडून आहेत. माप कसं घ्यावं, कापड कोणतं आणावं, वर घालायला साधं काही जमेल का, आणि ओव्हरलॉक मशीन (कापडाच्या कडा गुंफणारं) घ्यावं का? घरच्यांच्या मते विकत आणणं सोपं.
– मशीनवर बसलेला बाबा

उत्तर : नमस्कार. घरच्यांचं म्हणणं आधी बाजूला करू. विकत आणणं सोपं आहेच, आणि पुष्कळदा स्वस्तही पडतं. पैसे वाचतील म्हणून शिवायला बसलात तर हिशेब जुळणार नाही. पण तयार कपडा सरासरी मुलाच्या मापावर बेतलेला असतो. एखाद्याचं पोट पुढे असतं, एखादीचे पाय लांब आणि कंबर बारीक असते, एखाद्याला शिवणीचा गाठोडा अजिबात सहन होत नाही. अशा मुलांना घरचा कपडा खरोखर सुखाचा होतो. तुमची लेक तिसऱ्या जातीतली दिसते.

आता पायजमा. तो मागून उतरतो आणि आसनात उसवतो, या मला दोन वेगळ्या तक्रारी वाटत नाहीत. तुम्ही उभ्या मुलीसाठी कापड बेतलंत. चार वर्षांचं मूल दिवसभरात उभं असतं तरी किती? ते उकिडवं बसतं, पलंगाखाली शिरतं, झोपेत गुडघे पोटाशी घेतं. उकिडवं बसलं की मागचं अंतर, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या मधल्या शिवणीपर्यंतचं, चांगलंच वाढतं आणि पुढचं आकसतं. कापड मागे कमी पडलं की एक तर कंबर खाली ओढली जाते, नाही तर शिवण सुटते. तुमच्या पायजम्यात दोन्ही झालं.

माझा अंदाज असा की तुम्ही पुढची आणि मागची बाजू एकाच आकाराची कापलीत. नवशिक्यांसाठीच्या बऱ्याच आकृत्या तशाच असतात, कारण त्या समजावायला सोप्या. तसं करू नका. मागच्या मध्यावर कमरेची रेघ पुढच्यापेक्षा तीन सेंमी वर घ्या आणि ती बाजूकडे येता येता हळूहळू पुढच्या उंचीला मिळवा. आणि आसनाचं टोक, म्हणजे जांघेपाशी बाहेर येणारा बाकदार भाग, मागच्या बाजूला पुढच्याच्या जवळजवळ दुप्पट ठेवा. पुढे चार सेंमी असेल तर मागे सात-आठ. या दोन बदलांनी मुलगी बसल्यावर पाठ उघडी पडणार नाही.

आसनाची उंची मोजायला तिला कडक बैठकीच्या खुर्चीवर बसवा. कमरेला एक दोरा सैलसर बांधा आणि बाजूने दोऱ्यापासून खुर्चीपर्यंत टेप धरा. जे येईल त्यात तीन सेंमी मिळवा. उभं राहून घेतलेल्या मापावर विसंबू नका. मुलं टेप दिसला की पोट आत ओढतात आणि खांदे वर करतात.

याहून सोपा रस्ताही आहे. तिच्या अंगाला नीट बसणारा एखादा जुना पायजमा घ्या, एक पाय दुसऱ्यात घाला म्हणजे आसनाचा बाक स्पष्ट बाहेर येईल. कमरेचं इलॅस्टिक पूर्ण ताणून टाचण्यांनी कागदावर टोचा आणि कडेने पेन्सिल फिरवा. आधी पुढची बाजू, मग पालथा करून मागची. दोन्ही रेघांच्या बाहेर एक ते सव्वा सेंमी शिलाईची माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचं कापड, वर नेफ्यासाठी साडेतीन-चार सेंमी, खाली मोहरीसाठी, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडासाठी, तीन. बाजूची शिवण नसलेला पायजमा करा, म्हणजे पुढची आणि मागची आकृती बाजूच्या रेघेवर माया न सोडता जोडून एका पायाला एकच तुकडा. शिवण एक कमी, टोचायची जागाही एक कमी. कागदावर "पुढे", "मागे" असं ठळक लिहा, मुलीचं नाव आणि तारीखही. चार महिन्यांनी हा कागद कुणाचा ते आठवणार नाही.

दोन्ही पाय डावे निघणं हा शिवणाऱ्यांमधला फार जुना विनोद आहे. कापड सुलटी बाजू आत घेऊन दुहेरी घडीत कापलं की दोन्ही पाय एकदम निघतात आणि आपोआप एकमेकांच्या उलट असतात. एकेरी कापायची वेळ आली तर दुसऱ्या पायाला कागद पालथा ठेवायचा. पण पडून असलेले तुकडे टाकू नका. कापड दोन्हीकडून सारखं दिसत असेल, विणलेल्या चौकड्या किंवा साधा रंग, तर एक तुकडा उलटा धरा, झाला उजवा. छापील असेल तर त्याच कागदावर दोन उजवे कापा आणि दोन पायजमे शिवा. दीड वर्षाच्या मुलाला एवीतेवी दोन लागतातच.

शिवण्याचा क्रम सांगते, कारण उसवण्याचं अर्धं मूळ तिथे असतं. आधी प्रत्येक पाय आतल्या बाजूने शिवून नळी करा. मग एक नळी सुलटी करून दुसऱ्या उलट्या नळीत घाला, जांघेतल्या शिवणी समोरासमोर आणा आणि आसन पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत एका दमात शिवा. आसन आधी आणि पाय नंतर, असं केलं की ताण येणाऱ्या नेमक्या जागी शिवण चेंगरते. आसनाचा बाक उरेबात, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेत, जातो, म्हणून तिथे कापड ताणतं आणि सरळ टाक्याचा दोरा मात्र ताणत नाही. तो तटकन तुटतो. तिथे पहिल्या टिपेच्या तीन मिलीमीटर आत, मायेच्या बाजूला, दुसरी टीप मारा. तुमच्या मशीनला झिगझॅग असेल तर दुसरी टीप अगदी अरुंद झिगझॅगची घ्या, ती थोडी ताणते. दोन्ही टोकांना उलटी शिलाई विसरू नका. टाका अडीच मिलीमीटरचा पुरे.

आता लाल वळ. इथे बहुतेक तुम्ही कुठल्यातरी सूत्रावर चाललात, कमरेच्या पाऊण इलॅस्टिक वगैरे. मोठ्यांच्या परकराला ते ठीक असेल. लहान मुलाला कंबर नसतेच, पोट असतं, आणि ते जेवल्यावर वाढतं. टेप बेंबीवरून फिरवा. त्यातून दोन-तीन सेंमी वजा करा आणि जोडासाठी दोन सेंमी परत मिळवा. म्हणजे इलॅस्टिक जवळजवळ पोटाच्या मापाचंच कापायचं. ५२ सेंमी पोट असेल तर ५२ सेंमी इलॅस्टिक. पायजमा पडेल असं वाटेल, पण मागची उंची बरोबर असली तर पडत नाही. घट्ट इलॅस्टिकने आपण खरं तर चुकीच्या बेतण्यावर पांघरूण घालत असतो. इलॅस्टिक दोन ते अडीच सेंमी रुंदीचं, मऊ घ्या. बारीक इलॅस्टिक तेवढाच जोर कमी जागेवर लावतं, म्हणून वळ उठतो. टोकं एकावर एक ठेवून सपाट शिवा, गाठ मारू नका. नेफ्याला मागच्या मध्यावर दोन-तीन सेंमीची फट ठेवा आणि ती हाताने सैल टाक्यांनी बंद करा. सहा महिन्यांनी उसवून इलॅस्टिक बदलणं दहा मिनिटांचं काम होतं. इलॅस्टिक आत पिळू नये म्हणून शेवटी नेफ्यावर दोन्ही बाजूंना एक-एक उभी टीप. मागच्या मध्यावर बाहेरून फितीचा छोटा तुकडा लावलात तर मुलगी मागचं-पुढचं स्वतः ओळखेल.

नाडीचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. युरोपात मुलांच्या कपड्यांवरच्या नाड्या-दोऱ्यांसाठी ईएन १४६८२ हे मानक आहे. सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला गळ्यापाशी किंवा डोक्याच्या टोपीला ओढायची नाडी त्यात चालत नाही, कारण ती घसरगुंडीत, झोपाळ्यात, दारात अडकून मुलं गुदमरतात. कमरेची नाडी तितकी घातक नसली तरी घाईत गाठ सुटत नाही, आणि चार वर्षांच्या मुलीला शौचालयात वेळेवर पोचायचं असतं.

"टोचतो" या शब्दावर मला जास्त बोलायचं आहे, कारण मोठी माणसं तो सहज उडवून लावतात. मुलांना खरंच टोचतं. पायजमा उलटा करा आणि त्याच्या आतल्या सगळ्या जागा स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवा. दोऱ्यांची कापलेली टोकं, इलॅस्टिकचा कोपरा, जांघेत चार शिवणी एकत्र येऊन झालेला कडक गड्डा, पारदर्शक नायलॉनचा दोरा वापरला असेल तर तो, चित्र चिकटवलं असेल तर त्यामागचा कडक कागद. यातलं एक तरी सापडेल. पायाच्या शिवणीला बंद शिवण करा, तिला फ्रेंच शिवण म्हणतात: आधी उलट्या बाजू आत घेऊन पाच मिलीमीटरवर टीप, माया कापून तीन मिलीमीटर करायची, पायजमा पालथा करून सात मिलीमीटरवर दुसरी टीप. कापडाची कोरी कड आत गडप होते, धागे निघत नाहीत. आसनाला मात्र ही शिवण नको. बाकावर ती जाड होते आणि नेमकी तिथेच खुपते. तिथे दुहेरी टीप आणि कडेला झिगझॅग एवढंच. जांघेत शिवणी जिथे भेटतात तिथे पायाच्या शिवणी एकमेकांच्या विरुद्ध बाजूला दुमडा, गड्डा निम्मा होतो.

एवढं करूनही ती नको म्हणाली तर पायजमा ठेवून द्या. काही मुलांना काही कापडं आवडत नाहीत, आणि बाबांनी खपून शिवलाय हे सांगून ती आवडायला लागत नाहीत.

कापडाकडे वळू. पहिले काही पायजमे साध्या सुती कापडाचे करा: केंब्रिक, मऊ पॉपलिन, उन्हाळ्यात मलमल. तलम मलमल शिवताना सरकते, म्हणून ती तिसऱ्या-चौथ्या पायजम्याला. होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं विणलेलं कापड, मुलांना सगळ्यात जास्त आवडतं आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त रडवतं. तिला गोल टोकाची सुई, झिगझॅग टाका आणि हात अजिबात न ओढण्याची शिस्त लागते. टाके सुटत असतील तर दोष बहुधा सुईचा असतो. होजिअरी नसलेल्या साध्या सुती कापडाला ८० नंबरची सुई, आणि दोन-तीन कपड्यांनंतर ती बदलायची. बोथट सुईचा "टक टक" आवाज येतो.

जुनी चादर हे नव्या हातासाठी उत्तम कापड. ती आटायची तेवढी आटलेली असते आणि धुऊन धुऊन मऊ झालेली असते. फक्त मधला भाग विरलेला असतो, म्हणून तुकडे कडेच्या बाजूने काढा आणि उजेडासमोर धरून पाहा. नवीन कापड असेल तर कापण्याआधी धुवायचंच, तेही पुढे जसं धुणार आहात तसं. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच सहज आटतं, फ्लॅनेल, म्हणजे लव असलेलं उबदार कापड, त्याहून जास्त, आणि आटतं ते मुख्यतः उभ्या धाग्यात. साठ सेंमीच्या पायजम्यात शेकडा पाच म्हणजे तीन सेंमी गेले, घोटे उघडे. ११० सेंमी पन्ह्याचं (रुंदीचं) एक मीटर कापड घेतलंत तर चार वर्षांच्या मुलीचा पायजमा बसतो आणि खिशापुरतं उरतं. पायाची मधली रेघ कापडाच्या काठाला समांतर ठेवा. तिरकी गेली की पाय पिळतो आणि इस्त्रीने सरळ होत नाही.

फ्लॅनेल थंडीत सुखाचं, पण त्याबद्दल एक इशारा. त्याच्या लवेला आग पटकन धरते, आणि सैल, घोळदार रात्रीचा कपडा अंगाबरोबरच्या कपड्यापेक्षा सहज पेट घेतो, कारण कापडाच्या दोन्ही बाजूंना हवा खेळते आणि कपड्याचा घोळ ज्योतीपर्यंत पोचतो. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी आगीचे नियम झाले. मग कापडाला आग लागू नये म्हणून ट्रिस नावाचं रसायन वापरलं जाऊ लागलं, ते घातक ठरून १९७७मध्ये त्यावर बंदी आली. १९९६मध्ये नियम बदलून अंगाबरोबर बसणाऱ्या, प्रक्रिया न केलेल्या सुती कपड्यांना मुभा मिळाली. तुम्ही यातून एवढंच घ्या: आसनात मोकळीक द्या, पायांत आणि बाह्यांत देऊ नका. मोहरी किती ठेवायची हे पाहायला टेप टाचेवरून आणि पावलाच्या वरच्या उंचवट्यावरून तिरका गोल फिरवा, त्यात दोन सेंमी मिळवा. पाऊल आत जातं आणि घोट्यापाशी कापड लोंबत नाही. घोळदार लांब गाऊन रात्रीसाठी शिवू नका, मुलीने राजकन्येसारखा मागितला तरी. तो दिवसा खेळायला शिवा.

मूल वाढतं त्याचं काय? दोन ते पाच वर्षांत मुलं वर्षाला साधारण सहा ते आठ सेंमी उंच होतात, कंबर मात्र हळूहळू वाढते. म्हणून मोठा पायजमा शिवून दुमडून घालू नका, मोहरीत जादा चार सेंमी आत दुमडून ठेवा आणि मोठ्या टाक्यांनी शिवा. वेळ आली की उसवायचं. जुन्या घडीची फिकट रेघ दिसते, तिच्यावर दुसऱ्या रंगाची पट्टी लावली की हौसेने लावल्यासारखी वाटते.

मुलाच्या पायजम्यात फरक एकच, लंगोटाचा किंवा डायपरचा फुगवटा. आसनाची उंची दोन सेंमी जास्त, तीही मागेच. तीन वर्षांखालच्या मुलाला बटणं लावूच नका. तुटलेलं बटण थेट तोंडात जातं. टिचबटणांनाही तोच नियम.

वर घालायला झबल्यासारखा साधा सदरा करा, बाही अंगासकट एकाच तुकड्यात. मुंढा, म्हणजे बाहीचं भोक, कापून बाही बसवण्याच्या भानगडीत इतक्यात पडू नका. बगलेत सात-आठ सेंमीचा चौकोनी तुकडा तिरका बसवा, म्हणजे हात वर केला की सदरा वर चढत नाही. खरी अडचण गळ्याची. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ५० सेंमीच्या आसपास असतो. तेवढा गोल गळा कापला तर त्याचा व्यास १६ सेंमी होतो आणि सदरा खांद्यावरून घसरतो. म्हणून गळा ३४ सेंमीच ठेवा आणि मागे नऊ सेंमीची उभी चीर द्या. चिरेच्या दोन्ही कडा उघडतात, म्हणून ती घेरात दुप्पट मिळते: ३४ आणि १८ मिळून ५२, डोकं सुटतं. चिरेच्या वरच्या टोकाला मुलीच्या सदऱ्यात एक बटण, दोनदा टाके भरून, आणि लावल्यावर जोरात ओढून पाहायचं. मुलासाठी चीर खांद्यावर घ्या आणि एका कडेवर दुसरी कड चांगली चार सेंमी चढेल इतकी माया सोडा, बटणाशिवाय भागतं. गळ्याची कड उरेब पट्टीने बांधा. पट्टी गळ्यापेक्षा किंचित कमी लांबीची घेऊन थोडी ताणत लावली की गळा उभा राहत नाही.

मुलीला खिसा हवा असणारच. तो पायाची नळी होण्याआधी, कापड सपाट असताना लावा. नळी झाल्यावर मशीनच्या दाबपट्टीखाली तो बसत नाही आणि तुम्ही हाताने शिवत बसाल.

ओव्हरलॉक मशीन आत्ता नको. बंद शिवण आणि झिगझॅग यांवर वर्षभर आरामात निघेल, आणि वर्षानंतरही शिवत असाल तर तेव्हा होजिअरीसाठी त्याचा विचार करा. आज खर्च करायचाच असेल तर एक चांगली कातर घ्या, फक्त कापडासाठी, आणि मुलीच्या कागदकामाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.